इटलीतल्या आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट मित्रासोबत भाड्याच्या बाइकवर करायचाय, काय लक्षात ठेवावं?

जुलै किंवा सप्टेंबर निवडा. हिवाळ्यात बर्फामुळे घाट बंदच असतो. माथा 2757 मीटरवर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही थर्मल आणि रेनसूट हाताशी ठेवा. पायथ्याच्या प्रातो गावाकडून चढा. या बाजूला 48 हेअरपिन, म्हणजे यू आकाराची तीव्र वळणं आहेत. सकाळी लवकर निघालात तर सायकलवाले आणि कॅम्पर व्हॅन कमी भेटतात.

खरी परीक्षा उजव्या वळणांची. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून उजवं हेअरपिन आतून घ्यावं लागतं आणि तिथेच चढ सगळ्यात खडा असतो. वळणाआधीच पहिला किंवा दुसरा गिअर टाका, थ्रॉटल स्थिर, मागचा ब्रेक हलका, नजर वळणाच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर. मध्येच क्लच पूर्ण दाबला की ओढ जाते आणि बाइक आतल्या बाजूला आडवी होते.

उतरताना खालच्या गिअरवर इंजिन ब्रेकिंग करा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ब्रेक ऑइल उकळतं, लिव्हर स्पंजासारखा लागतो. लगेच थांबून गार होऊ द्या.

कमी सराव असलेल्याला पुढे ठेवा, म्हणजे वेग त्याच्या बेताने राहतो.

भारतीय लायसन्ससोबत मोटरसायकलचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल परमिट हवंच. स्वित्झर्लंडमार्गे गेलात तर स्विस मोटरवेवर बाइकलाही 40 फ्रँकचं व्हिन्येट (टोलचा पास) लागतं.