टोटेम पोल म्हणजे देवकस्तंभ?

प्रश्न असा आहे : कॅनडातल्या गितक्सान या आदिवासी लोकांच्या ‘टोटेम पोल’ला, म्हणजे आकृत्या कोरलेल्या उंच लाकडी खांबाला, मराठीत ‘देवकस्तंभ’ म्हटलं तर चालेल का?

मला तरी पटत नाही. ‘टोटेम’साठी ‘देवक’ हा शब्द समाजशास्त्रात रुळलाय, आणि एका बाबतीत तो चपखलही आहे. एका देवकात सोयरीक होत नाही, तशी गितक्सानांतही लांडगा, बेडूक, गरुड आणि फायरवीड (हे एक रानफूल) यांपैकी एकाच कुळातल्या दोघांची होत नाही. पण देवक आपण पुजतो. खांबावरच्या आकृत्या कुणी पुजत नाही. त्यांना मूर्ती समजायची चूक मिशनऱ्यांनी केली, ती आपण कशाला करायची? शिवाय ‘टोटेम’ हा शब्दही मूळचा गितक्सानांचा नाही, दूर पूर्वेकडच्या ओजिब्वे भाषेतून आलेला.

गितक्सान या आकृत्यांना ‘अयुक्स’ म्हणतात. पूर्वजांवर ओढवलेल्या एखाद्या प्रसंगातून मिळालेली खूण, ती त्या ‘विल्प’ची मालमत्ता. दुसऱ्याने ती कोरायची नाही. ‘विल्प’ म्हणजे घर आणि घराणंही. वारसा मात्र आईकडून. कमावलेली, मिरवायची, घराण्याच्या मालकीची खूण म्हटल्यावर मला जुनं ‘बिरुद’ आठवतं. म्हणून माझं मत ‘बिरुदखांब’ला.

आता ‘खांबावर कोरलेली कथा’ हा शब्दप्रयोग. वीरगळ खालून वर बघत गेलं की लढाई, मरण, मग स्वर्ग असा क्रम परक्यालाही लागतो. ‘रेड सीडर’ या झाडाच्या त्या उंच खांबावर तसं होत नाही. तिथे बिरुदं दिसतात, गोष्ट दिसत नाही. गोष्ट म्हणजे ‘अदाऊक’, ती मेजवानीत साक्षीदारांसमोर घराण्यानेच सांगायची. गितन्याऊ गावाने 1958 साली काही जुने खांब व्हिक्टोरिया शहरातल्या संग्रहालयाला दिले, तेव्हा बदल्यात हुबेहूब नवे खांब तर मागितलेच, शिवाय आमचा इतिहास, मुलूख आणि कायदे छापा अशी अटही घातली. नुसतं लाकूड नेऊन काय उपयोग! पुढे गितक्सानांच्या जमिनीच्या दाव्यात 1997 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मौखिक इतिहासालाही पुरावा म्हणून वजन द्यायला हवं असं ठरवलं.

तेव्हा ‘खांबावर कथा कोरली आहे’ असं न लिहिता ‘बिरुदं कोरली आहेत’ असं लिहावं. आणि क्रियापद ‘रोवणे’ नको, ‘उभारणे’ घ्या. गुढीसारखं.