कडू चवीची सुरुवात अमेरिकानोने कर
एकदम नेग्रोनी या कडू, कडक कॉकटेलवर उडी मारू नकोस. आधी अमेरिकानो (कॉफी नव्हे, सोड्याचं हलकं कॉकटेल) कर: 30 मिली कांपारी (लाल, कडू इटालियन लिकर), 30 मिली गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), ग्लासभर बर्फ, वर सोडा. कडूची गोडी हळूहळू लागते, जिभेला थोडे दिवस दे. मग सोड्याऐवजी 30 मिली जिन घाल, झाली नेग्रोनी. ती शेकरमध्ये हलवायची नाही. चमच्याने वीसेक सेकंद ढवळ, ग्लास बाहेरून गार लागेपर्यंत. शेवटी संत्र्याची साल वरून पीळ. तेलाचे बारीक थेंब पेयावर तरंगतात आणि घोटाआधी वास येतो. माझ्या मते अर्धी मजा त्यातच आहे.

व्हर्मूथ म्हणजे वाइनच. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेव आणि महिनाभरात संपव. माझी पहिली बाटली कपाटात राहून बेचव झाली होती. अपेरोल हे कांपारीसारखंच लिकर, पण बरंच सौम्य, 11 टक्के अल्कोहोलचं. कांपारीच्या जागी घातलंस तर पेय गोडाकडे झुकेल.