'आय विल ऑलवेज लव्ह यू' मूळ कोणाचं? डॉलीचं की व्हिटनीचं?

मूळ अमेरिकन गायिका डॉली पार्टनचंच. शब्द तिचे, चालही तिचीच. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडून स्वतःच्या वाटेने जायचं तिने ठरवलं, तेव्हा त्याचा निरोप घेण्यासाठी हे गाणं लिहिलं. म्हणजे हे प्रियकराला उद्देशून नाहीच. १९७३ मध्ये नॅशव्हिलला ध्वनिमुद्रण झालं आणि १९७४ मध्ये ते कंट्रीच्या (अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या) लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. १९८२ मध्ये तिने एका चित्रपटासाठी पुन्हा गायलं, तेव्हाही पहिलंच!

एल्विस प्रेस्लीलाही ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे निम्मे हक्क, म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा, मागितले. डॉलीने ठाम नकार दिला. मला तिचं फार कौतुक वाटतं ते इथे, कारण पुढे व्हिटनीच्या रेकॉर्डमुळे त्याच हक्कांचं सोनं झालं.

मधे १९७५ मध्ये लिंडा रॉनस्टॅटनेही गायलं, पण शेवटचं कडवं गाळून. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं गाणं तुम्ही 'द बॉडीगार्ड' चित्रपटात ऐकलं असेलच. सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. ही कल्पना चित्रपटाचा नायक केविन कॉस्टनरची. अमेरिकेत ते सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

डॉलीची १९७४ ची रेकॉर्ड मात्र नक्की ऐका. शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते, जवळ बसून सांगितल्यासारखं. व्हिटनीचा आवाज अफाटच, पण निरोपाची कळ मला इथेच जाणवते.