छोटे धंदेवाले नोंदणी का करत नाहीत? कर चुकवायलाच ना?

"कर चुकवायलाच ना" हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. आमच्या घरात जीएसटीची नोंदणी अडली ती करामुळे नाही, लाइटबिलामुळे.

मी बेळगावात, खासबागेत कांदा-लसूण मसाला आणि उडदाचे पापड करते. गिऱ्हाईक म्हणजे गल्ली, भिशीतल्या बायका आणि चंदगडचा एक दुकानदार. त्याला आठवड्याला दहा किलो मसाला एसटीनं जायचा. एका दिवाळीआधी त्यानं एकदम दोन क्विंटल मागितला. पण म्हणाला, "ताई, आता कच्ची चिठ्ठी नको, जीएसटी नंबरचं पक्कं बिल लागेल."

कर सल्लागारानं सांगितलं, वर्षाला 40 लाखांपर्यंत माल विकला तर नोंदणीतून सूट, पण ती राज्याच्या आत. मसाला शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेला की पहिल्या रुपयापासून नंबर. विक्रीवर सरसकट एक टक्का कर भरायची छोट्यांसाठीची कंपोझिशन योजनाही नाही, तिच्यात परराज्यात माल विकता येत नाही. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं! सीमाप्रश्नाची भाषणं लहानपणापासून ऐकली, पण मला सीमा लागली ती मसाल्याच्या पिशवीपाशी.

बरं, काढू नंबर. तर जागेचा पुरावा हवा. सासऱ्यांमागे घर थोरल्या दिरांच्या नावावर, लाइटबिलही त्यांचंच. म्हणजे त्यांचं संमतिपत्र. एक सही. भावजी म्हणाले, "विकतचं दुखणं कशाला घेतेस? उद्या मीटर कमर्शियल करतील, घरपट्टी वाढवतील, आणि परवा तू म्हणशील ही खोली माझी."

पहिली दोन कारणं सांगायची होती, तिसरं खरं. आमचे हे गप्प बसले. ऑर्डर हातची गेली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: ज्याचं गिऱ्हाईक बिल मागतं तो नोंदणी करतो. उद्यमबागेतला लेथवाला लगेच नंबर काढतो, कारण त्याच्याकडून काम घेणाऱ्या कारखान्याला कराची वजावट हवी असते. भडंगवाल्याला कोण विचारतंय? आणि करायची म्हटली तरी जागा स्वतःच्या नावावर लागते, नाहीतर मालकाची सही. घरातून धंदा करणाऱ्या किती बायकांकडे यातलं काय असतं, ते तुम्हीच बघा.

शेवटी वडगावात अडीच हजारांनी गाळा घेतला, भाडेकरार केला, नंबर काढला. जुलै 2025 मध्ये यूपीआयच्या जमेवरून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा भावजींनी स्वतःच्या दुकानातला क्यूआर रातोरात खरवडून काढला. मी निवांत झोपले. हे त्यांना बोलूनही दाखवलं. (बोलायला नको होतं, असं यांचं मत.)

हां, सगळ्यांनी धावत जाऊन नंबर काढा असं मी म्हणत नाही. नुसते पापड विकत असाल तर त्यावर करच नाही, नंबर लागत नाही. विक्री राज्यातच आणि 40 लाखांच्या आत असेल तरी नाही. एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, विसरलात तर दिवसाला 20 रुपये दंड. मी दोनदा भरलाय. खाण्याचा माल असेल तर फूड लायसन्सवाल्यांकडची छोटी नोंदणी मात्र कराच, वर्षाला 100 रुपये. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका.

चंदगडचा दुकानदार परत आला नाही, त्यानं गडहिंग्लजचा मसाला धरला. आमच्या घराचा मीटर अजून घरगुतीच आहे.