बॅटरी रात्रीत संपते? आधी बूटची ओळ बघा

नमस्कार. मानशीवर (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) पाण्याची पातळी मोजायला अल्ट्रासोनिक सेन्सर आणि लिनक्सचा बोर्ड बसवलाय, रीडिंग नाचतंय म्हणून एचझेड (टिक, म्हणजे टायमरचा ठोका, सेकंदाला किती वेळा पडतो तो आकडा) 1000 करून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधलं, बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला दिलेल्या पर्यायांत) आयडल=पोल घातलं, आणि आता बारा व्होल्टची बॅटरी पहाटेपर्यंतही पुरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गोव्यात दिवाडी बेटावर एका खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीवर मी हेच सगळं, याच क्रमानं केलं होतं. म्हणून राहवलं नाही.

एचझेडचा नाद सोडा. 2007 च्या 2.6.21 पासून हाय-रिझोल्यूशन टायमर त्या टिकवर अवलंबून नाहीत, आणि रिकाम्या प्रोसेसरची टिक कर्नल थांबवतोच. बॅटरी खातंय ते आयडल=पोल. त्यानं काम नसतानाही प्रोसेसर जागच्या जागी फिरत राहतो, सी-स्टेटमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या झोपेत, उतरतच नाही.

मी ते ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एका रात्रीच्या चाचणीपुरतं घातलं आणि काढायचं विसरलो. पाऊस लागला, सोलर पॅनेलला ऊन मिळेना, बॅटरी रोज तळाला जाऊ लागली. ती उचलून पणजीत एका सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही. लोड किती, रात्रभर काय चालतं, एका शब्दानं कुणी विचारलं नाही. ‘सेल गेलाय, नवी घ्या.’ घेतली. रोज पूर्ण रिकामी झालेली लेड-ॲसिड बॅटरी किती टिकणार? तीही बसली. पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. पैशांचं एक वेळ सोडा. श्रावणातल्या अमावस्येला उधाण आलं, बांध फुटला, भातात खारं पाणी शिरलं. सकाळी शेतकरी विचारायला आले, पाणी किती वाजता किती चढलं? माझ्या फाइलमधली शेवटची नोंद रात्री पावणेदोनची होती. ते आजही मनातून जात नाही.

नेमक्या वेळी उठणं वेगळं आणि झालेली घटना नेमकी मोजणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ध्वनी एका मिलिसेकंदात जाऊन-येऊन सुमारे 17 सेंटीमीटर अंतर दाखवतो. मी दर मिलिसेकंदाला उठून सेन्सरची इको पिन (ध्वनी परत येईपर्यंत जिच्यावर सिग्नल चढलेला असतो ती) बघत होतो, म्हणजे 17 सेंटीमीटरची चूक मीच पदरात घेत होतो. दोष कर्नलच्या माथी मारला. साध्या थ्रेडला उठवायला कर्नल 50 मायक्रोसेकंदांपर्यंत उशिराची सूट ठेवतो, जवळजवळचे टायमर एकाच जागेपणी उरकावेत म्हणून. ती इथे जेमतेम एक सेंटीमीटर भरते.

इको पिनवर इंटरप्ट (पिन बदलताच प्रोसेसरला हाक मारणारा संकेत) लावा आणि दोन्ही कडांना, म्हणजे सिग्नल चढताना आणि उतरताना, कर्नलनं दिलेला टाइमस्टॅम्प वाचा. गाढ सी-स्टेटमधून बाहेर यायला लागणारा वेळ मात्र त्या टाइमस्टॅम्पमध्ये शिरू शकतो. त्यासाठी पिंग (सेन्सरचा ध्वनी) सोडण्याआधी डेव्हमधली सीपीयू_डीएमए_लेटन्सी फाइल उघडून 32 बिटांचा शून्य लिहा, इको आला की फाइल बंद करा. उघडी असेपर्यंतच ती अट लागू राहते. तीन मीटरला इको साडेसतरा मिलिसेकंदांत येतो. तेवढा वेळ जागं राहा, उरलेलं मिनिट प्रोसेसरला झोपू द्या. फाइल बंद करायला विसरलात तर आयडल=पोलच्या शेजारीच जाऊन बसाल.

मी कर्नल डेव्हलपर नाही, आणि माझा बोर्ड जुना इंटेल ॲटम होता. तुमच्या बोर्डाचे आकडे वेगळे असतील. सीपीयूआयडलच्या फोल्डरमध्ये प्रत्येक सी-स्टेटची लेटन्सी, म्हणजे जागं व्हायला लागणारा वेळ, मायक्रोसेकंदांत लिहिलेली असते, ती स्वतः वाचा. पण चाचणीसाठी घातलेला बूट पर्याय त्याच दिवशी काढायचा, याबाबत माझं मत ठाम आहे.

मोजणी सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरनं चालवत असाल तर ॲक्युरसीसेकला, म्हणजे वेळ किती हलू द्यायची त्या सेटिंगला, हात लावू नका. डीफॉल्ट एक मिनिट आहे आणि तो जागेपण वाचवण्यासाठीच ठेवलाय. भरती पालटायला सहा तास लागतात, नोंद मिनिटभर पुढेमागे झाली तर काही बिघडत नाही, फक्त नोंदीत खरी वेळ लिहा.

आज आयडल=पोल काढून रीबूट करा, प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल उघडून ते खरंच गेलंय ना बघा, आणि रात्री पॉवरटॉप (वीजवापर दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून कोणत्या सी-स्टेटमध्ये किती टक्के वेळ जातो ते इथे टाका. नवी बॅटरी तोवर घेऊ नका.