डोरोथी डँड्रिज कोण होती? ऑस्कर नामांकन मिळूनही ती मागे का पडली?

थोडक्यात सांगायचं तर, हॉलिवूडकडे तिच्यासाठी भूमिकाच नव्हत्या.

जन्म १९२२, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. लहानपणापासून बहिणीबरोबर रंगमंचावर, पुढे नाइटक्लबमधली नावाजलेली गायिका. १९५४च्या 'कार्मेन जोन्स'मध्ये ती नायिका झाली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पुरस्कार ग्रेस केलीला गेला. 'कार्मेन जोन्स'मधली डोरोथीच्या पात्राची गाणी मात्र तिच्या आवाजात नाहीत. ती ऑपेरा गायिका मॅरिलिन हॉर्नने गायली आहेत. स्वतः गायिका असताना!

तेव्हाच्या सेन्सॉर नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला १९५६पर्यंत बंदी होती. म्हणजे बहुतेक गोऱ्या नायकांसमोर ती उभीच राहू शकत नव्हती. 'द किंग अँड आय'मधली गुलाम मुलीची दुय्यम भूमिका तिने 'कार्मेन जोन्स'चा दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर याच्या सल्ल्याने नाकारली. अनेकजण त्याला तिची चूक म्हणतात, मला ते पटत नाही. नायिका म्हणून सिद्ध झालेल्या बाईने पुन्हा दासीच का व्हावं?

१९५९च्या 'पोर्गी अँड बेस'नंतर कामं आटली, १९६३ला दिवाळखोरी आली. १९६५मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी ती गेली. तिच्यावरच्या टीव्हीपटात काम केलेल्या हॅली बेरीने २००२मध्ये तोच ऑस्कर जिंकला आणि भाषणात डोरोथीचं नाव घेतलं. 'कार्मेन जोन्स' जरूर पाहा.