संक्रमणकालीन न्यायाचा शहरातील सार्वजनिक जागांशी काय संबंध? पुण्यात तो कुठे दिसतो?

अन्यायाची राजवट संपल्यावर खटले, सत्यशोधन आयोग, नुकसानभरपाई अशा मार्गांनी समाज जो जुना हिशेब पुरा करू पाहतो, त्याला संक्रमणकालीन न्याय म्हणतात. त्यात रस्ते आणि इमारती कुठून आल्या, असे आपण विचारले आहे. अन्याय कुठल्या तरी जागेवरच झालेला असतो, म्हणून त्या जागेचे पुढे काय होते याला मी फार महत्त्व देतो.

जोहान्सबर्गमधील ज्या तुरुंगात गांधीजींनाही ठेवले होते, त्याच्या आवारात २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाची इमारत खुली झाली. कच्च्या कैद्यांची बराक पाडली, पण तिचे जिने जागच्या जागी राखले आणि विटा नव्या बांधकामात वापरल्या. न्यायकक्षात काचेची एक आडवी पट्टी अशी ठेवली आहे की आत बसलेल्यांना बाहेरून जाणाऱ्यांचे पाय दिसतात.

आपल्याकडे जातीच्या अन्यायासाठी सत्यशोधन आयोग बसला नाही. मात्र संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी जागांची यादीच दिलेली आहे. ती वाचताना मला गंज पेठेतला फुले वाडा आठवतो, कारण जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली, म्हणजे संविधान लागू होण्याच्या ८२ वर्षे आधी.

पर्वतीच्या रुंद दगडी पायऱ्या मी शाळकरी वयापासून चढतो आहे. वर पेशव्यांचे देवस्थान आहे हे मला घरीदारी सगळ्यांनी सांगितले. पण १९२९ साली त्याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून दलितांनी सत्याग्रह केला आणि सत्याग्रहींना मार खावा लागला, हे पंचविशी उलटल्यावर कळले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले, त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण जिथे १८४८ साली त्यांची मुलींची शाळा भरली, तो बुधवार पेठेतला मोडकळीला आलेला भिडे वाडा, वर्षानुवर्षांचा न्यायालयीन वाद संपल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. तिथल्या स्मारकात जुन्या वाड्याची एखादी तुळई, थोड्या विटा हाताला लागाव्यात, आणि पेठेतल्या मुलींना संध्याकाळी दप्तर घेऊन अभ्यासाला बसता येईल अशी एक खोली असावी, असे मला मनापासून वाटते.